माझ्या लिव्हरचे राखणदार

२०२३ साल. मला बहात्तरावं लागलं होतं, आणि माझ्या शरीरातला एकही अवयव माझा स्वतःचा राहिला नव्हता. हृदय पनवेलच्या हॉस्पिटलच्या ताब्यात गेलं होतं. तिथं त्यात एक जाळी बसवून मला परत पाठवलं होतं. साखर कर्जतच्या डॉक्टरीणबाईंकडे होती. मीठ आणि तेल आमच्या मंडळींनी जप्त केलं होतं. राहता राहिलं लिव्हर. ते कोणी विचारत नव्हतं म्हणून मी त्याच्या बाबतीत निश्चिंत होतो, तर ते माझ्या व्याह्यांनी, म्हणजे माझ्या सुनंदाच्या सासऱ्यांनी, कोणी न सांगता आपल्या देखरेखीखाली घेतलं. व्याही लोधिवलीचे, मी दहिवलीचा. असा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि आता शोधत फिरायचा कंटाळा येतो. सबंध खालापूर तालुक्यात आणि आमच्या कर्जतच्या निम्म्या गावांत असा एकही जीव नसेल, की ज्याच्या डोळ्याची खालची पापणी माझ्या व्याह्यांनी एकदा तरी ओढून पाहिलेली नाही.

रामराम घालायच्या आधी ते समोरच्याच्या गालावर अंगठा ठेवतात, पापणी खाली ओढतात, मान तिरकी करून आत बघतात आणि एक तर "साफ हाय" म्हणतात, नाही तर नुसतं "हूं" म्हणतात. "साफ हाय" म्हटलं की माणूस सुटला. "हूं" म्हटलं की तो माणूस त्या रात्री जेवत नाही. एसटीचा कंडक्टर, मीटर बघायला आलेला वायरमन, मतं मागायला आलेले पुढारी, कोणाची सुटका नाही. एकदा चौकच्या नाक्यावर हवालदारानं त्यांचा टेंपो अडवला, तर हे खाली उतरले आणि हवालदाराचीच पापणी ओढून "हूं" म्हणाले. हवालदार टेंपो विसरला आणि "काय हो बाबा, काय दिसलं?" करत यांच्यामागून पार लोधिवलीच्या फाट्यापर्यंत आला. मटण घ्यायचं तर बकरा जिवंत असताना त्याचा डोळा बघून ठेवतात. मग खाटकाचा बघतात.

माझी त्यांची पहिली भेट सुनंदाला बघायला आले तेव्हाची. ओटीवर आमची पाच-सहा भावकीतली माणसं बसलेली, सगळ्यांच्या डोक्यावर टोप्या, सगळे गंभीर. हे आले, चपला काढल्या, तडक माझ्यापाशी आले आणि माझी पापणी ओढली. माझा स्वभाव असा, की खोपोलीच्या कारखान्यात सुपरवायझरनं खांद्याला हात लावला म्हणून मी त्याचा हात उचलून बाजूला ठेवला होता. आमचा चुलतभाऊ तर उठून उभाच राहिला, "ओ पाव्हणं, जनावर बगाया आलाव का मुलगी?" पण आतल्या दारात सुनंदा चहाचं ताट घेऊन उभी होती. मी चुलतभावाला हाताला धरून खाली बसवलं. व्याह्यांनी दुसराही डोळा बघितला, हात धोतराला पुसला आणि आपल्या माणसांकडे वळून म्हणाले, "बाप साफ हाय. आता मुलगी बगायची गरज नाय." सोयरीक तिथंच पक्की झाली. लग्नाच्या आदल्या दिवशी हळद होती. लोधिवलीच्या मांडवात नवरा पिवळा, करवल्या पिवळ्या, अख्खं गाव पिवळं. व्याही मात्र मांडवाच्या मागं एका उलट्या टोपावर तोंड पाडून बसलेले. मी म्हटलं, काय झालं? म्हणाले, "आज कायच कळत नाय, याही. आजच्या दिवशी कोन आजारी असला तर मी काय करू?"

याचं मूळ त्यांच्या घराण्यात आहे. त्यांच्या घरात आजोबापासून काविळीची माळ देतात. कसल्याशा झुडपाच्या बोटाच्या पेराएवढ्या काड्या कापायच्या, दोऱ्यात गाठी मारून ओवायच्या आणि ती इवलीशी चुंबळ रोग्याच्या डोक्यावर ठेवायची. दिवस जातात तशी माळ आपोआप लांब होत जाते. आधी डोक्यावरून कानांवर येते, मग गळ्यात पडते, छातीवर लोंबायला लागते, आणि बेंबीपर्यंत पोचली की कावीळ उतरली. मी चौथी शिकलेला माणूस, पण सगळी उमर बॉयलरवर काढलेली. ओलं लाकूड वाळलं की आकसतं आणि त्याच्याभोवतीची गाठ सैल पडते, हे मला कोणी सांगायला नको. पण मी कधी बोललो नाही. लोक खोपोलीहून येतात, रसायनीहून येतात, मोठाल्या गाड्या घेऊन येतात. हे कोणाकडून काही घेत नाहीत. घेतलं तर औषधाचा गुण जातो म्हणतात.

आणि एक नियम असा, की औषध दिल्याघेतल्यावर कोणी कोणाचा निरोप घ्यायचा नाही. देणाऱ्यानं नाही आणि घेणाऱ्यानंही नाही. "येतो" म्हणायचं नाही, मागं वळून बघायचं नाही, सरळ चालू लागायचं. तुम्ही येतो म्हणालात की आजारही ते ऐकतो आणि तुमच्या मागून येतो. नियम चांगला असेल, पण तो सोयरिकीत बसत नाही. आमच्याकडे सोयरा निघाला की त्याचं उंबऱ्यात निघणं, अंगणात निघणं आणि गेटात निघणं अशी तीन निघणी होतात, आणि प्रत्येक वेळी "येतो बरं का" होतं. पहिल्यांदा व्याही आमच्या शेजारच्या बाईंना माळ घालून अर्धा चहा तसाच टाकून पाठ फिरवून चालते झाले, तेव्हा आमच्या मंडळींनी डोळ्याला पदर लावला. "काय चुकलं गं बाई आपलं? न बोलताच गेले! लेकीला आता धड नांदवतील का?"

आता माझ्या आजाराचं. गॅसची टाकी मी दुसऱ्याला उचलू देत नाही, तेव्हाही दिली नाही. ती ओटीवरून आत नेता नेता छातीत असं काही दाबलं, की टाकी आणि मी दोघेही आडवे झालो. पनवेलला नेलं, जाळी बसवली, घरी आणलं. नंतरचे दिवस मी आठवायला नको म्हणतो. माणूस आजारानं थकत नाही, तो भेटायला येणाऱ्यांनी थकतो. एक येतो तो लसूण खा म्हणतो, दुसरा येतो तो लसूण बंद करा म्हणतो, आणि दोघेही चहा घेतात. मी भिंतीला उशी लावून बसायचो आणि हो हो म्हणायचो. जिना नको, ओझं नको, रागावू नको. मग माणसानं दिवसभर करायचं काय, हे एकानं सांगितलं नाही.

एक गोष्ट मात्र मी पक्की धरली, ती कोलेस्टेरॉलची गोळी. डॉक्टरीणबाईंनी मला कागदावर नळी काढून दाखवली. रक्ताच्या नळीत आतून चरबीचा थर बसतो, ही गोळी तो बसू देत नाही, जाळी नवी आहे तोवर तर हिला सोडायचंच नाही. मी म्हटलं, बाई, पुरे, समजलं. बॉयलरच्या नळ्यांत क्षाराची खपली बसते, म्हणून पाण्यात औषध सोडावं लागतं. सोडलं नाही तर एक दिवस नळी फुटते आणि माणसं भाजतात. बाई हसल्या. त्या दिवसापासून जेवण झालं की मी स्वतः उठून गोळी घ्यायचो. मंडळींनी आठवण केली तर राग यायचा.

त्याच आठवड्यात व्याही आले. पापणी ओढली. "साफ हाय" म्हणाले, पण आवाज लागला नाही. मग त्यांची नजर फळीवरच्या गोळ्यांवर गेली.

"ही कसली?"

"कोलेस्टेरॉलची."

"ही करते काय?"

"नळीतला थर काढते."

"काढते, आनि टाकते कुटं?"

मी म्हटलं, ते मी विचारलं नाही. व्याह्यांनी मांडीवर हात मारला. "तितंच मार खाल्लाव, याही! कचरा काडनाऱ्याला पयलं इचारायचं, टाकनार कुटं? लिवरच्या दारात टाकते ती. आज थोडा, उद्या थोडा. हिकडं तुमचं हृदय चकाचक, नि तिकडं लिवरचा उकिरडा."

"मी गोळी सोडणार नाही," मी म्हटलं.

"कोन सोडा म्हनतो? तुमी गोळी घ्या. उकिरडा मी उपसतो."

आणि पुढच्या वेळी ते काढा घेऊन आले. सरबताची जुनी काचेची बाटली, तिला लाकडाचं बूच, आणि आत काळसर हिरवं पाणी. त्यात गुळवेल होती, भुईआवळा होता आणि तिसरं काही होतं, ते व्याही मरेपर्यंत सांगणार नाहीत. करोनाच्या साथीत सगळ्यांनी गुळवेल उकळायला घेतली तेव्हा यांनी ईर्षेनं आपली दुप्पट घट्ट केली होती, ती तशीच राहिली. त्याची चव मी काय सांगू? कडू म्हटलं तर कारल्याचा अपमान होईल. पहिला घोट घेतला की कानांत दडे बसायचे. व्याही समोर पाटावर बसायचे आणि माझा कंठ वर-खाली होतो की नाही ते बघायचे. वाटी रिकामी झाली की तळाशी बोट फिरवून तेवढंही माझ्याकडे करायचे, "ह्यात खरं सत्त्व असतंय." मग उठायचे आणि न बोलता, वळून न बघता चालते व्हायचे. जाताना बाटली ठेवून जायचे, ती संपायच्या आत दुसरी यायची.

कोणी म्हणेल, नको म्हणायचं होतं. मी उभ्या आयुष्यात पुष्कळ लोकांना नको म्हटलंय. कारखान्यात मुकादमकी देत होते, तिला नको म्हटलं. जमीन मागायला आलेल्या दलालाला दारातून परत पाठवलं. पण लेकीचा सासरा टेंपो बदलत बदलत चौकहून येतो, वाटी आपल्या हातानं भरतो आणि पुढं करतो, ती वाटी परत करायची म्हणजे लेकीच्या घरावर पाणी ओतायचं. आमच्या पिढीत ते होत नाही. शिवाय सुनंदा सुखात होती. या माणसानं तिला कधी एका शब्दानं दुखवलेलं नव्हतं. तिला पहिल्या बाळंतपणात कावीळ झाली तेव्हा हा माणूस हॉस्पिटलच्या बाकावर बसून राहिला, आणि नर्स दिसली की विचारायचा, "माज्या पोरीचा डोळा बगितलाव का?" एवढ्यासाठी मी कडू पाणी पिऊ शकत होतो. मी गोळी सोडली नाही आणि काढाही नाकारला नाही. दोघांचा मान ठेवला.

पावसाळा सरत आला तसं माझं अन्नावरचं मन उडालं. भाकरी समोर आली की पोटात ढवळायचं. अंग असं जड, की ओटीवरून मोरीपर्यंत जायचं तर आधी बसून विचार करायचा. मंडळींना वाटलं वय झालं. मलाही तेच वाटलं. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासायला पाठवलं, तर लिव्हरचा आकडा तीनपट वर गेलेला. त्यांनी दुसऱ्या दिवशी बोलावलं. ही बातमी सुनंदाकडून लोधिवलीला पोचली, आणि दुसऱ्या दिवशी बघतो तर व्याही दवाखान्याच्या पायरीवर आधीच हजर. धुतलेलं धोतर, इस्त्रीचा सदरा, हातात पिशवी. आणि चेहरा? निवडून आल्यासारखा.

"मी सांगितला नवता काय? आज बाईस्नी मी सोता सांगनार."

आत गेलो. बाईंनी रिपोर्ट समोर ठेवला. "आजोबा, गोळीनं थोडंफार वाढतं कधीकधी, पण इतकं सहसा नाही. दुसरं काही घेता का? आयुर्वेदिक, काढा, कोणी दिलेलं काही?"

मी छताकडे बघितलं. व्याह्याच्या तोंडावर व्याह्याचं नाव परक्या बाईला सांगायचं, हे माझ्या तोंडून निघालं नसतं. पण मला बोलायची वेळच आली नाही. व्याही उठून उभे राहिले आणि पिशवीतून बाटली काढून त्यांनी बाईंच्या टेबलावर ठेवली.

"हा घेतात ना! मी देतो. म्हनून तर तीनपटीवर भागला. नायतर धापट झाला असता!"

बाईंनी बूच काढून वास घेतला आणि डोकं मागं नेलं. "यात गुळवेल आहे?"

"भरपूर."

"किती दिवस चाललंय?"

"जाळी बसली तवापासनं. खंड नाय पडू दिला."

बाई वयानं माझ्या नातीएवढ्या असतील, पण एकदम शांत बोलल्या. "बाबा, तुम्ही चांगल्या मनानं देताय. पण असल्या काढ्यानं लिव्हरला सूज आलेले पेशंट मी पाहिलेत. गोळीनं झालं की काढ्यानं, हे आज मला सांगता येत नाही. म्हणून काढा आजपासून बंद. कोलेस्टेरॉलची गोळीही थोडे दिवस थांबवू. रक्त पातळ करायची मात्र चालू ठेवायची. मग पुन्हा तपासू." मग माझ्याकडे वळल्या. "आजोबा, जाळी नवी आहे. ती गोळी फार दिवस बंद ठेवून चालणार नाही. आणि आकडा उतरला नाही तर ती सुरूही करता येणार नाही. तेव्हा आता पोटात जाईल ते फक्त मी लिहून दिलेलं."

व्याह्यांनी बाटलीला बूच लावलं, ते तिरकं बसलं, पुन्हा काढून लावलं. "आनि माळ?" ते हळूच म्हणाले. तेव्हा माझ्या डोक्यावर टोपीखाली माळ होती, त्यांनी दवाखान्याच्या पायरीवरच घातलेली.

बाईंनी माझी टोपी वर करून बघितलं. "माळ असू द्या. ती पोटात जात नाही."

आम्ही निघालो तेव्हा त्या व्याह्यांना म्हणाल्या, "तुम्हीही पिता का हा?"

"मी? रोज. वीस वर्सं व्हत आली. माज्याकडं बगा की."

"तेच म्हणते. तुमचंही रक्त तपासून घेऊ."

व्याही असे मागं सरले की दार त्यांच्या पाठीला लागलं. "माजा? नाय नाय. बगायचं काम माजा हाय, बाई. मला कोन बगनार?"

मग सुरू झालं थांबणं. पहिल्यांदाच मला खरी भीती वाटली. गोळी फळीवर पडलेली दिसायची आणि मला बॉयलरच्या नळ्या दिसायच्या, आत खपली धरणाऱ्या. ओटीवर बसल्या बसल्या मी छातीवर हात ठेवून ऐकत राहायचो. मंडळी विचारायच्या, "काय होतंय?" मी म्हणायचो, "खिसा बघतोय." व्याही यायचे, येणं त्यांनी सोडलं नाही. पण हातांचं काय करावं हे त्यांना कळत नव्हतं. एकदा तर सवयीनं पिशवीत रिकामी बाटली घेऊन आले, काढली, बघितली आणि परत ठेवली. पापणी ओढायचे, बराच वेळ बघायचे, पण "साफ हाय"ही नाही आणि "हूं"ही नाही. माझी माळ मात्र दिवसादिवसानं वाढत होती. टोपीतून बाहेर आली, गळ्यात पडली, सदऱ्याच्या बटणांवरून खाली निघाली. दहिवलीच्या रस्त्यानं मी ती मिरवत चाललो की पोरं हसायची. मी तिच्यावर विश्वास ठेवत नव्हतो, पण काढलीही नाही.

दिवाळी तोंडावर आली तेव्हा दुसरी तपासणी झाली. आकडा उतरला होता, जवळजवळ जिथल्या तिथं आला होता. बाईंनी गोळी पुन्हा सुरू केली, थोड्या कमी ताकदीची, आणि पुन्हा बघू म्हणाल्या. पोटाला भूक लागली. ती भूक इतक्या दिवसांनी ओळखीची वाटली, की मी बाजारातून येताना केळी घेतली आणि रस्त्यातच खाल्ली. आणि मग लक्षात आलं, की आता हे व्याह्यांना सांगायचं कसं? गोळी चालू होती तोवर आकडा चढला, हे खरं. पण काढा थांबला आणि आकडा उतरला, हेही खरं. आता गोळी पुन्हा पोटात जाऊन पुढच्या तपासणीतही आकडा तिथंच राहिला, की दोषी कोण हे उघड्यावर येणार. आणि मला जे कळत होतं, ते त्यांना कळत नसेल, असं मानायला ते खुळे नव्हते.

गोळी पुन्हा सुरू होऊन महिना गेला, तिसरी तपासणी झाली. आकडा जागचा हलला नव्हता. त्याच दिवशी दुपारी व्याही आले. मी रिपोर्ट त्यांच्या हातात दिला आणि मोठ्यानं म्हणालो, "याही, माळेनं काम केलं! बघा, बेंबीपर्यंत आली!"

त्यांनी रिपोर्ट उलटा-सुलटा बघितला. वाचायला त्यांना माझ्यापेक्षाही कमी येतं. मग पाटावर बसले आणि माझ्या गळ्यातली माळ हळूच काढून मांडीवर घेतली.

"याही, काडी वाळली का दोरा सुटतो. मला काय म्हाईत नाय काय? पन्नास वर्सं वळतो मी."

इतकी वर्षं जे मी मनात ठेवून मोठेपणा घेतला, ते या माणसाला माझ्या आधीपासून ठाऊक होतं.

"मग घालता कशाला?"

"गळ्यात असली का मानूस पथ्य पाळतो. गुत्त्यात जायाला लाजतो. तेल खायाला भितो. घरचीबी त्याला जपतात." एक काडी त्यांनी नखानं सोलली. "माळ मी अशीच द्यायचो. काढा मात्र मनापासनं द्यायचो, याही. काढ्यावर माजा भरोसा व्हता."

मी म्हटलं, "तुम्ही काय मुद्दाम केलंत? मला पाजलात, स्वतः प्यालात."

"तुमाला जास्ती पाजला." ते हसल्यासारखे झाले. "सुनंदाचा बाप म्हनून तळाचासुदा दिला."

मंडळींनी चहा आणला. त्यांनी तो पहिल्यांदाच पुरा प्याला. मग उठले, उंबऱ्यात थांबले आणि म्हणाले, "येतो, याही. येतो, ईनबाई." अंगणात पुन्हा थांबले, गेटात वळून बघितलं. आमच्या मंडळी खूश झाल्या. "आज कसे रीतीनं सांगून गेले!" मला मात्र ते बघवलं नाही. औषधवाला म्हणून ते आमच्या घरातून शेवटचे निघाले होते, आणि आता नुसते सोयरे झाले होते.

दिवेलागणीला सुनंदाचा फोन आला. सासऱ्यांना ती मामा म्हणते. "बाबा, मामांना तुम्ही काय बोललात का? आल्यापासून पडून आहेत. तसे गेले काही दिवस दुपारचे पडूनच असतात. जेवण निम्म्यावर आलंय. सारखे हात खाजवतात. काढा मात्र सकाळी उठून पितातच, कोणाला न दिसता. डॉक्टरकडे चला म्हटलं तर अंगावर येतात."

"डोळे कसे दिसतात?" मी विचारलं.

"त्यांचे डोळे कोण बघणार, बाबा? कोणाची हिंमत आहे?"

फोन ठेवला. बॉयलरवर पाण्याची एक काच असते. पाणी किती आहे ते तिच्यात दिसतं. ड्यूटीवरच्या माणसानं ती सारखी बघायची, डोळा काढायचा नाही. पण त्या माणसाला झोप लागली तर? म्हणून त्याला बघायला दुसरा माणूस असतो. कारखान्यात हे एवढं सोपं होतं, आणि लोधिवलीत गेल्या पन्नास वर्षांत कोणाला सुचलं नव्हतं. मला तरी कुठं सुचलं होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा न घेता निघालो. आजारानंतर एकटा इतका लांब पहिल्यांदाच. मंडळी ओरडल्या, मी ऐकलं नाही. चौकच्या नाक्यावरून दुसरा टेंपो केला आणि लोधिवलीला पोचलो तेव्हा व्याही पडवीत बसले होते, हातात वाटी, वाटीत काढा, अजून तोंडाला लावलेला नव्हता. मला बघून ते उठायला लागले. मी रामराम घातला नाही. वाटी हातातून घेऊन खाली ठेवली, त्यांच्या गालावर अंगठा ठेवला आणि पापणी खाली ओढली. आत सुनंदाच्या हातातलं भांडं खाली पडलं.

"हे काय, याही?" ते म्हणाले, पण मान त्यांनी हलवली नाही. उजेडाकडे केली.

मी दुसराही डोळा बघितला. इतक्या वर्षांत त्या डोळ्यांत कोणी असं वाकून बघितलं नव्हतं. त्यांत पाणी आलं होतं, ते ओढल्यामुळं असेल.

"काय दिसतंय?" त्यांनी विचारलं. हवालदारानं विचारलं असेल तसंच.

"मला काय कळतंय त्यातलं? मी बॉयलरवाला. ज्यांना कळतं त्यांच्याकडे चला. रक्त द्यायला उपाशीपोटी लागतं, मीही उपाशी आलोय."

ते उठले, खुंटीवरची टोपी घेतली, डोक्यावर घालायच्या आधी आत माळ असावी तसा हात फिरवून बघितला, आणि चपला पायांत सरकवल्या. सुनंदा उंबऱ्यात आली. "अहो मामा, बाबा, निघालात तर येतो तरी म्हणा!"

व्याह्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. मी असल्या गोष्टी मानत नाही, कधी मानल्या नाहीत. पण मी तोंडातून शब्द काढला नाही, आणि नाक्यावर टेंपो येईपर्यंत एकदाही मागं वळून बघितलं नाही.